कायद्यात बसणारी मोटार आणि वाड्याचा दरवाजा

हल्ली कितीतरी मोटारींच्या माहितीपत्रकांत ३९९५ मिलिमीटर हीच लांबी आढळते. हा योगायोग नसून करआकारणीचा प्रताप आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. आजही चार मीटरच्या आत राहून पेट्रोलचे इंजिन १२०० आणि डिझेलचे १५०० सीसीच्या पुढे गेले नाही, तर जीएसटी १८ टक्के लागतो. मर्यादा ओलांडली की थेट ४० टक्के. मारुतीची डिझायर २००८ साली बाजारात आली तेव्हा चार मीटरहून लांब होती. २०१२ साली, थोरल्याची विजार धाकट्यासाठी आखूड करावी, तशी तिची डिक्की कातरण्यात आली.

आम्हालाही मोटार घ्यायची आहे; आमचा प्रश्न मात्र रुंदीचा आहे. साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्याचा दगडी दरवाजा सहा फूट दोन इंच, म्हणजे साधारण १८८० मिलिमीटर रुंद असून, त्याच्या डाव्या खांबावर टांग्याच्या चाकाच्या तुंब्याने घासून पडलेली खाच अजून दिसते. आम्ही पाहिलेल्या टाटांच्या नेक्सॉनची रुंदी १८०४. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड इंच, आणि तेही आरसे वगळून. "आरसे रुंदीत धरत नाहीत, साहेब," असे शोरूममधल्या मुलाने सांगितले, आणि ते खरेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९३ वा नियम रुंदीची कमाल मर्यादा २.६ मीटर घालतो आणि मोजताना आरसे सोडून देतो.

"कायदा सोडत असेल," आबा म्हणाले, "आपला दगड सोडायचा नाही."

नंतर गाडीचा तळ उंबऱ्याला घासेल का, हे पाहायला त्यांनी गवंड्याचा टेप उंबऱ्याला लावला. एसयूव्हीच्या व्याख्येतला १७० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर, रिकाम्या गाडीचा धरावा, असे जीएसटी परिषदेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. आमची गाडी रिकामी अशी फक्त शोरूममध्येच असेल, कारण आत्या आणि तिचे तांदळाचे पोते या दोघांना उतरवून उंबरा ओलांडण्याची हिंमत घरात कोणाचीही नाही.

अखेर आबांचे मन वॅगन आरवर बसले आहे. तिची रुंदी १६२० असल्याने दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच उरतात, हे त्यांनी अभिमानाने गल्लीत सांगितले. तेव्हापासून शेजारचे काका त्या पाच इंचांत आपली सायकल उभी राहील का, याची रोज चौकशी करीत आहेत.