‘पब्लिक झोपलंय’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या गोल्फ क्लबवर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गेल्या पंधरवड्यात त्यावर एकच मजकूर चौघांनी चार वेगवेगळ्या दिवशी टाकला. सारांश असा : आपले आजोबा-पणजोबा देशासाठी जगले, आपण सिनेमा, क्रिकेट आणि रील्समध्ये बुडालो. लोक नट बघून मत देतात आणि सहा महिन्यांत सगळं विसरतात. राजकारणच आता सिनेमा झालंय, आणि पडद्यावर काय घडावं ते प्रेक्षकाच्या हातात नसतं. तेव्हा शहाण्याने मतदानाच्या दिवशी घरी झोपावं. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी, आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं होतं, हे आधीच कबूल करतो. २०१९ च्या नोव्हेंबरात तो पहाटेचा शपथविधी टीव्हीवर पाहिला तेव्हा याच अर्थाचं चार ओळींचं काहीतरी मी स्वतः लिहून पाठवलं होतं. त्यामुळे हे भांडण निम्मं माझं माझ्याशीच आहे.

आधी आजोबा. आम्ही फेऱ्या मारतो त्या मैदानाचं कागदावरचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंद थिएटरात, आणि तिथे तेव्हा ‘संगीत शारदा’चा खेळ होता. म्हणजे ज्या रात्रीचा दाखला देऊन नाशिकच्या आजोबांची देशभक्ती सांगतात, त्या रात्री बरेचसे आजोबा नाटकाला बसले होते. बरं, ते नाटक तरी कशावर? कोवळ्या पोरीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्यावर. करमणुकीने माणूस बधिर होतो असं म्हणणाऱ्याने आधी या नाटकाचं काय करायचं ते सांगावं.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक घ्या. आंबेडकरांचा विचार वस्त्यावस्त्यांत गेला तो जितका ग्रंथांतून, तितकाच वामनदादांसारख्यांच्या गाण्यांतून. भीमगीतांच्या किती चाली तर थेट सिनेमातल्या. ज्याला हा मजकूर ‘थिल्लर’ म्हणतो तीच चाल उचलून लोकांनी तिच्यात आपलं म्हणणं भरलं. चाल कुणाच्या बापाची नसते. (त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१३ मध्ये सिनेमा काढला तोही राजाने शब्द पाळल्याच्या गोष्टीवर. राजकारणावर म्हणा ना!)

आणि पूर्वजांच्या ध्येयवादाबद्दल बोलायचंच तर पंचवटीत जाऊ. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, इथे दादासाहेब गायकवाडांची मेहनत. वर्षामागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. दाराबाहेर बसलेले ध्येयवादी होतेच. पण आतून दार लावून घेणारेही कुणाचे तरी आजोबाच होते, आणि त्यांच्या हातात मोबाइल नव्हता.

नटांना मतं मिळतात हा मुद्दा फारसा लांबवण्यासारखा नाही. गोविंदा २००४ मध्ये उत्तर मुंबईत राम नाईकांना हरवून निवडून आला, खरंय. पण चिरंजीवींच्या पक्षाला २००९ मध्ये आंध्रात २९४ पैकी १८ जागा मिळाल्या आणि २०२१ मध्ये कमल हासन कोइमतूर दक्षिणमधून पडले. तमिळनाडूत एमजीआर निवडून येत राहिले, पण शाळेतल्या पोरांच्या ताटात जेवणही पडत होतं. एनटीआर म्हटलं की आंध्रात आजही दोन रुपये किलो तांदूळ आठवतो. पोस्टर एकदा चालतं, पुढे तांदूळ लागतो.

आता ‘लोक सहा महिन्यांत विसरतात’. इथे मात्र मी थांबणार आहे, कारण हे वाक्य लिहिणाऱ्याने साठवणीच्या चाळीत कांदा भरलेला माणूस कधी जवळून पाहिलेला नाही.

माझा मेहुणा चांदवडकडचा. दिवसभर रील्स बघतो, तमिळ हिरोंची मारामारी त्याला तोंडपाठ. मजकूर लिहिणाऱ्याच्या व्याख्येत पक्का बधिर माणूस. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं. मग डिसेंबरात, ऐन लाल कांद्याच्या हंगामात, थेट बंदी. बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. ‘मार्चअखेरीस उठेल’ म्हणाले, मार्चमध्ये मुदत वाढली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, त्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, ‘‘दाजी, आपला कांदा लाल हाय ना, त्याचंच चुकलं.’’ ४ मे ला बंदी उठवली, पण शुल्क आणि किमान दराची अट ठेवूनच. लोकसभेचं मतदान होतं २० मे ला. मला वाटलं, संपलं, आता हे खूश होणार. मेहुणा म्हणाला, ‘‘इकून झाल्यावर भाव दिला तर काय वाती करायच्या?’’

दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री पडल्या, नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांची गेली. दिंडोरीत तर विजयी उमेदवाराच्याच आडनावाचा एक अपक्ष, त्याच्या चिन्हाशी मिळतीजुळती तुतारी घेऊन उभा होता, आणि त्याला लाखावर मतं गेली. यावर आमच्या ग्रुपात दोन दिवस हशा चालला, ‘बघा, पब्लिकला चिन्ह कळत नाही’. एवढी मतं भलतीकडे जाऊनही जागा लाखाच्या वर फरकाने निघाली, यावर कुणी बोललं नाही. मेहुण्याने नऊ महिने हिशोब डोक्यात ठेवला होता.

याच जिल्ह्यातून मार्च २०१८ मध्ये शेतकरी-आदिवासी पायी मुंबईला गेले. शेवटच्या टप्प्यात दहावीच्या पोरांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून रात्रीच चालले. पाय सोललेले असताना दुसऱ्याच्या पोराची परीक्षा ज्यांना आठवते, त्यांना बधिर म्हणायला जीभ रेटते कशी?

एका मताने काय होतं? मालेगाव मध्यची जागा २०२४ च्या विधानसभेला १६२ मतांनी ठरली. आमच्या मैदानावर सकाळी सात वाजता त्याहून जास्त माणसं असतात.

या मजकुरातली एक गोष्ट मात्र मला खोडता येत नाही. मत एकाला द्यावं आणि ते दुसऱ्याच्या सरकारात जाऊन बसावं, हे २०१९ ला झालं, २०२२ ला झालं, २०२३ ला पुन्हा झालं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. एकटा फुटला तर पकडला जातो, कळप फुटला तर न्यायालयात तारखा पडत राहतात. इथे मतदाराने काय करावं, मला उत्तर नाही. राग आहे. पण यात रील्सचा काय दोष? हे सगळं करणारे लोक रील्स बघत बसले असते तर बरं झालं असतं.

आणि झोपण्याचंच म्हणाल तर आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती. पाणी, घंटागाडी, रस्ते, येऊ घातलेल्या कुंभमेळ्याची कामं, सगळ्यावर सही एकाच खुर्चीची. तपोवनातली अठराशेच्या आसपास झाडं साधुग्रामासाठी तोडायची नोटीस निघाली तेव्हा सभागृहात उभं राहून विचारणारा कुणी नव्हताच. हरकती लिहायला लोक स्वतः गेले, त्यांत कॉलेजची पोरं भरपूर. रील्स त्यांनीही केले, झाडांना मिठी मारून.

या चार वर्षांवर आमच्या ग्रुपात एकही मजकूर पुढे पाठवला गेला नाही. माझ्याकडूनही नाही. म्हणून परवा मी विचारलं, मार्च २०२२ नंतर आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण होता? तिघांनी तीन नावं टाकली. एकाने सुप्रभात.

रात्री चौथ्याचा खासगीत मेसेज आला : ‘म्हणजे तेव्हा नगरसेवक नव्हतेच?’ हे गृहस्थ कॉलनीतल्या बंद दिव्यासाठी चार वर्षं ज्याला रोज शिव्या घालत होते, तो बिचारा तेव्हा माजी होता.