मोडलं की गहाण?

२४ जुलै, म्हणजे १९९१ च्या बजेटची तारीख आली की माझ्या वॉलवर तेव्हाच्या अर्थमंत्र्यांचा, मनमोहन सिंगांचा तोच फोटो फिरायला लागतो. निळी पगडी, हातात ब्रीफकेस, खाली 'या माणसाने देश वाचवला'. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पुढेही राहील. पण १९९१ ची गोष्ट २४ जुलैपासून सांगायला घेतली की आधीची काही माणसं आपोआप गळतात. मला त्यातल्या एकाबद्दल बोलायचंय, म्हणून थोडं मागे जातो.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं. तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीय ठेवी काढून घ्यायला लागले. अर्थात डॉलरच्या टंचाईचं हे निमित्त. ऐंशीच्या दशकात आपण उधारीवर भरपूर खर्च करून बसलो होतो आणि त्यातली बरीच उधारी कमी मुदतीची होती. अर्थखात्यात, रिझर्व्ह बँकेत हे कळत नव्हतं असं नाही. पण दिल्लीत तेव्हा मंडल आणि मंदिर यापलीकडे कुणाला काही ऐकू येत नव्हतं. नोव्हेंबरात व्ही. पी. सिंगांचं सरकार पडलं आणि साठेक खासदार घेऊन चंद्रशेखर पंतप्रधान झाले. पाठिंबा काँग्रेसचा, तोही बाहेरून. खुर्ची यांची आणि पाय दुसऱ्याचे, असा प्रकार.

आपल्याकडे चंद्रशेखरांची आठवण निघाली तर 'चार महिन्यांचा पंतप्रधान' एवढीच निघते. त्या चार महिन्यांत काय झालं ते बघा. जानेवारी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर आणले. जन्मभर समाजवादी राहिलेल्या माणसाने! पुढची मदत हवी तर खर्चाला कात्री लावणारं बजेट मांडायला हवं होतं. यशवंत सिन्हा अर्थमंत्री, त्यांची तयारी चालू होती. काँग्रेसने पूर्ण बजेट मांडू दिलं नाही. मार्चच्या सुरुवातीला नुसतं लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी झाली, आणि राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळतीवर दिसले या कारणावरून ६ मार्चला चंद्रशेखरांचा राजीनामा. देशाच्या तिजोरीत तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरत चालले होते आणि संसदेत भांडण कशावरून, तर दोन शिपायांवरून. हे लिहितानाही हसावं की डोकं धरावं कळत नाही.

माझा मुद्दा इथून पुढे आहे. राजीनामा दिल्यावर ते सरकार काळजीवाहू होतं. काळजीवाहू सरकारने मोठे निर्णय घेऊ नयेत, असा संकेत. चंद्रशेखर हात वर करून 'निवडणुका होऊ द्या, नवीन सरकार बघेल' म्हणू शकले असते आणि कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी तसं केलं नाही. मे महिन्यात, प्रचाराच्या धामधुमीत, तस्करांकडून जप्त केलेलं, सरकारकडे असलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेलं. परत विकत घेण्याची मुभा ठेवून केलेली विक्री होती ती. त्यातून साधारण २० कोटी डॉलर मिळाले. परकीय कर्जाचा हप्ता चुकला नाही. भारत दिवाळखोर ठरला नाही. चंद्रशेखरांच्या पक्षाला मात्र निवडणुकीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा मिळाल्या.

जुलैत पुन्हा तेच. आता काँग्रेसच्या नरसिंह रावांचं सरकार. ज्या पक्षाने फेब्रुवारीत बजेट अडवलं होतं, त्याच पक्षावर रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं विमानाने देशाबाहेर पाठवायची वेळ आली. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर. मुंबईत विमानतळाकडे जाताना सोन्याची एक गाडी रस्त्यातच बंद पडली आणि बरोबरच्या लोकांची तंतरली, हा किस्सा पुढे बाहेर आला. आख्ख्या देशाची पत एका बंद पडलेल्या गाडीत!

पेपरात बातमी आली तेव्हा आमच्या घरी मोठमोठ्याने वाचन झालं. काका 'देशाची अब्रू गेली' म्हणून तावातावाने बोलत होते. आजी निवडणं टिपणं करत ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "मोडलं की गहाण?" काकांना उत्तर देता आलं नाही. खरं तर त्या वर्षातला सगळ्यात नेमका आर्थिक प्रश्न तोच होता.

रावांकडे येतो. त्यांचं मोठेपण मान्य, पण पद्धत बघा. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, म्हणजे डॉलरच्या तुलनेत त्याची किंमत उतरवली. पहिल्या टप्प्यानंतर राव कचरले, दुसरा थांबवा म्हणाले. मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन लावला, तोवर दुसरा टप्पा पार पडला होता. पुढच्या तीस वर्षांच्या गोडव्यांमध्ये हा फोन फारसा येत नाही. मला तर तो वाचून राव जास्त जवळचे वाटले. घाबरतो तो माणूस. घाबरूनही अर्थमंत्र्याला काढलं नाही, ही त्यांची जमेची बाजू.

२४ जुलैला बजेटच्या आधी काही तास औद्योगिक धोरण सभागृहात ठेवलं गेलं. परवाना राज बहुतांशी संपवणारा कागद. उद्योग खातं खुद्द रावांकडे, पण कागद ठेवला राज्यमंत्र्याने. आणि सुरुवात कशाने? नेहरूंच्या नावाने. उलटं फिरायचं आणि म्हणायचं आम्ही सरळच चाललोय. अल्पमतातल्या सरकारला दुसरा मार्ग नव्हता, हे मला पटतं. पण त्यामुळे लोकांना कुणी समोर बसून 'हे असं झालं, आता असं करावं लागेल' असं सांगितलंच नाही. खताच्या किमती ४० टक्के वाढवल्यावर स्वतःचेच खासदार उसळले, मग ३० वर यावं लागलं. ज्यांना आधी विश्वासात घेतलं नाही ते नंतर उसळणारच.

शेजारी श्रीलंकेत याच्या उलटं झालं. तिथे नेत्यांनी टाळाटाळ केली. २०१९ च्या अखेरीस करकपात, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी, डॉलर संपत आले तरी नाणेनिधीचं नाव नको. जानेवारी २०२२ मध्ये लोक गॅससाठी रांगेत असताना ५० कोटी डॉलरचे रोखे फेडले आणि एप्रिलमध्ये परकीय कर्ज फेडणार नाही असं जाहीर केलं. जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या तरणतलावात उतरले. नंतर राष्ट्राध्यक्षपदी रनिल विक्रमसिंघे आले, कर वाढवले, नाणेनिधीशी करार केला, रांगा संपल्या. २०२४ च्या निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर गेले.

कडू औषध देणाऱ्याला मतदार क्वचितच माफ करतो, आणि मी त्यात मतदाराला सगळा दोष देत नाही. औषध त्याच्या घशात जातं, आजार दुसऱ्याने ओढवलेला असतो. रागाचं कारण खरं असतं. पण मग निदान आपण फोटो फॉरवर्ड करताना मेमधल्या त्या सोन्याच्या सौद्यावर सही कुणाच्या राजवटीत झाली एवढं तरी आठवावं, असं मला वाटतं. कमेंटमध्ये 'चंद्रशेखर भक्त' म्हणणार असाल तर म्हणा. त्यांच्या बाकी राजकारणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

काही महिन्यांतच सोन्यावरचं कर्ज फिटलं. काकांनी आजीला मोठ्या ऐटीत सांगितलं, "सुटलं बरं का सोनं!"

"मग घरी आलं?"

आलं नव्हतं. ते तिकडेच, लंडनच्या तिजोरीत ठेवलं होतं.