मेलेला माणूस हुज्जत घालत नाही

धर्म वाढवायचाय? मग जिवंत माणसांच्या नादी लागू नका. ती तोंडावर दार लावतात, वर उलटे प्रश्न विचारतात. मेलेल्यांना गाठा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतल्या एका ओळखीच्या बाईंनी परवा मला फार प्रेमानं विचारलं, "तुमच्या आजोबांचं पूर्ण नाव नि जन्मतारीख द्याल का? देवळात त्यांचं काम करून टाकते." आजोबा जन्मभर पंढरीचे वारकरी. त्यांचं काय काम राहिलं होतं कोण जाणे. पण मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची, मेलेल्यांच्या नावानं जिवंत माणसाला पाण्यात बुडवून त्यांचा बाप्तिस्मा उरकायची, ही रीत इतकी सोयीची आहे की सगळ्यांनीच शिकून घ्यावी.

आधी नावं जमवा. सॉल्ट लेकजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून मायक्रोफिल्मची कोठारं केली आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही फिल्म काढून झाली आहे. व्हॅटिकननं मात्र २००८ साली बिशपांना कळवलं, आपल्या नोंदवह्या यांना देऊ नका. कद्रू लोक!

मग बैलांच्या बारा पुतळ्यांच्या पाठीवरच्या हौदात पांढऱ्या कपड्यातलं एक पोर उभं करा. 'अमक्याच्या वतीनं, जो मृत आहे' असं म्हणून बुडवा, वर काढा, पुढचं नाव घ्या.

शास्त्राधार विचारला तर बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र, १५:२९ पुढे करा. पत्र लिहिणारा पौल तिथे अशा बाप्तिस्म्याचा नुसता उल्लेख करतो, 'करा' म्हणत नाही, हे बोलायचं नाही. जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मगुरू क्रिसोस्टम, त्यानं तर पाखंडी ठरलेल्या मार्सियनच्या अनुयायांची यावरून खिल्ली उडवली होती. त्यांच्यात म्हणे प्रेताच्या खाटेखाली एक जिवंत माणूस दडायचा आणि 'बाप्तिस्मा हवा का?' विचारलं की खालून 'हवा!' म्हणायचा. खाटेखाली शिरायचे कष्ट तरी घेत होते बिचारे.

कुणी चिडलंच तर सांगा, आत्म्याला नाकारायची मुभा आहे.

आणि ज्यूंना विसरू नका. हिटलरच्या छळछावण्यांत मेलेल्यांची नावं घेणार नाही असा करार, मॉर्मन मंडळींनो, १९९५ साली केलात ना? छान. मग २०१२ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या देवळात ॲन फ्रँकचं नाव कसं आलं? पंधरा वर्षांची पोर, ज्यू म्हणून बर्गन-बेल्सनमध्ये मेली. अतिरेक्यांनी पळवलेला अमेरिकी पत्रकार डॅनियल पर्ल 'माझे वडील ज्यू, आई ज्यू, मी ज्यू' असं कॅमेऱ्यासमोर म्हणाला आणि मारला गेला. त्यालाही आयडाहोत बुडवून झालं. माफी मागितलीत, खरं आहे. पण आधी करायचं आणि बोंब झाली की माफी मागायची, हे किती वेळा?

यावर आमचा एक चुलतभाऊ म्हणतो, "आपणही तर्पण करतोच की, त्यात काय एवढं?" अरे शहाण्या, तर्पणात परक्यालाही ओंजळभर पाणी असतं, पण त्या पाण्यानं कुणाचं गोत्र बदलत नाही!

आणि तुमची ती मुभा! आत्मा नको म्हणाला तर ते कुठल्या रकान्यात लिहिता? जन्माला ११० वर्षं झाली नसतील तर जवळच्या नातलगाला विचारा, हा नियम तुमचाच. एकशेअकराव्या वर्षी माणूस बेवारस होतो का? त्याची नातवंडं, पतवंडं तुमच्याच गावात राहतात. त्यांना फोन करा, विचारा, आणि ती नको म्हणाली तर गप्प बसा.