"वजन कमी करा, बास" या प्रतिक्रियेला माझं उत्तर

स्नायू घटणं आणि फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठणं) यांच्या नात्यावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की स्नायू वयाने झिजतातच, फॅटी लिव्हर चरबीमुळे होतं, मी उगाच दोन्हीची गाठ मारली, लोकांना 'वजन कमी करा' एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे. 'स्नायू घटले की फॅटी लिव्हर होतंच' हे वाक्य मी लिहायला नको होतं. बऱ्याच अभ्यासांत दोन्ही एकाच वेळी मोजलेलं असतं, त्यावरून आधी काय झालं ते कळत नाही. शिवाय मोजायची पद्धत बदलली की उत्तरही बदलतं, वजनाच्या प्रमाणात स्नायू मोजले तर फॅटी लिव्हरवाल्यांचे कमी भरतात, उंचीच्या प्रमाणात मोजले तर तो फरक कितीदा तरी दिसतच नाही, कारण जाड माणसाचे स्नायूही मुळात जास्त असतात.

पण गाठ उगाच मारली हे मला पटत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्शुलिनच्या मदतीने सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू. ते कमी झाले किंवा असूनही इन्शुलिनला दाद देईनासे झाले की ती साखर लिव्हरकडे वळते आणि तिथे तिची चरबी बनते. उलट्या बाजूनेही तेच, दुखणं सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होण्यापर्यंत, गेलं की लिव्हरला अमोनिया (प्रोटीन वापरताना शरीरात तयार होणारा विषारी पदार्थ) साफ करणं जमत नाही, ते काम स्नायूंवर येतं आणि तोच अमोनिया नवे स्नायू बनू देत नाही. आणि अशा पेशंटचं प्रोटीन घरचे लोक भीतीने बंद करतात हो! खरं तर त्यांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतं.

आता वजनाचं. 7 ते 10 टक्के वजन उतरलं की लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, हे मी नाकारलेलंच नाही. पण नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर त्यात स्नायूही जातात. माझ्या मामांचं तसंच झालं, काटा खाली आला म्हणून घरात सगळे खूश, आणि मी बघत होते की खुर्चीतून उठताना ते दोन्ही हात टेकवून, एकदा मागे झुकून मग उठतायत. सहा महिन्यांपूर्वी ते असे उठत नव्हते. ते बघूनच मी मूळ लेख लिहायला घेतला होता. व्यायामाने वजन न उतरताही लिव्हरची चरबी कमी होऊ शकते, आणि वजनं उचलायचा व्यायाम सोबत असेल तर स्नायूही टिकतात, मग नुसत्या काट्यावर कशाला विसंबायचं?

हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांप्रमाणे 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. मामांना 17 लागले होते. मूळ लेखातलं ते 'होतंच' आज काढते, बाकीचा लेख आहे तसाच राहील.