गच्चीवरची शेती नेमकी कुणाला शिकवताय?

आपल्या धुळे-जळगावकडेही आता गच्चीवरच्या बागेच्या कार्यशाळा होतात. फी भरा, कोकोपीटची पिशवी घ्या, पहिल्या टोमॅटोचा फोटो टाका. छंद म्हणून झकास! पण त्याला समाजाचं प्रशिक्षण म्हणू नका राव.

डाळमिल, जिनिंगमध्ये राबणाऱ्या वस्त्यांतल्या कितीतरी बाया शेतातूनच शहरात आल्यात. गिलकी, अंबाडी, चवळी कधी टोचायची हे त्यांना आपण शिकवणार? एक मावशी मला तोंडावर म्हणाल्या, "आमले पेरता येस भाऊ, जागा कोठे शे?"

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं, सर्वांत गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला अख्ख्या घरामागे 35 किलो. ते हवंच, त्यात वादच नाही. पण पोट भरतं गहू-तांदळावर, आणि राष्ट्रीय पोषण संस्था माणशी रोज 400 ग्रॅम भाजी खा म्हणते. पाच जणांच्या घरात ती झाली दोन किलो. रोजंदारीवर रोज दोन किलो भाजी कोण घेतं? भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या जळगावात ही गत!

म्हणून माझ्या मते शिकवायचं असेल तर वेगळंच शिकवा. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठीची मोकळी जागा, सोडावी लागते. तिचा नकाशा पालिकेतून कसा काढायचा, तिथे भाजी लावायला बचत गटाच्या नावाने अर्ज कसा करायचा, रेशनकार्डातून नाव गळलं तर कुठे भांडायचं, हे शिकवा. नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथे भांडी-अंघोळीचं पाणी केळीच्या आळ्यात कसं वळवायचं, तेही. मेमध्ये पारा 45 ला टेकतो, तेव्हा हिरव्या जाळीशिवाय पालेभाजी टिकत नाही. आणि गॅरेजशेजारच्या, जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या मातीत पालक लावायचा नाही, शिसं ताटात येतं. हे मात्र त्या मावशींनाही सांगावं लागेल; गावाकडच्या मातीत ही भानगड नव्हती. बाकी पेरणी-खुरपणी शिकवायला त्यांनाच उभं करा, आणि मानधन द्या.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, "एकदा जागा दिली की बळकावतील." मग 11 महिन्यांचा करार करा, दरवर्षी नवा. त्याच ओपन स्पेसवर लग्नाचे मांडव आठवडा-आठवडा उभे असतात, तेव्हा ही काळजी कुणाला वाटलेली मी तरी पाहिली नाही.