शांतता समिती म्हणे!

आमच्या गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की तालुक्यातल्या शांतता समितीला जाग येते. एरवी वर्षभर ही कुठे झोपलेली असते देव जाणे. मामलेदार, पोलीस निरीक्षक, दोन-चार सरपंच आणि उरलेले सगळे मंडळांचे पदाधिकारी. म्हणजे ज्यांचे डीजे आमच्या खिडक्यांच्या काचा हलवतात, तेच शांतता राखायच्या गप्पा मारायला बसतात. कुंपणच शेत खातंय, आणि वर त्याला चहा-भजी!

यंदा वाड्यावरच्यांनी मला पाठवलं. हातात सूचनांचा कागद दिला. गेल्या वर्षीच्या तारखेवर व्हाइटनर फासून वर नवी तारीख लिहिलेली. ‘मंडळांनी सहकार्य करावे.’ बरं, नाही केलं तर? त्यावर अवाक्षर नाही.

आवाजाचा विषय काढला तर एक अध्यक्ष हसत म्हणतो, “बाब, चवथ वर्सांतल्यान एकदांच येता मरे!” एकदाच? मग जत्रा, शिगमो, कार्निव्हल, कोणा पंचाचा वाढदिवस, हे काय मुक्याने होतं? घरोघरी घुमट-शामेळ या आमच्या पारंपरिक वाद्यांवर आरत्या रात्रभर चालू देत, माझी काही हरकत नाही. त्याने आजारी माणसाच्या छातीत धडधडत नाही.

नियम 2000 सालापासून आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. सणासुदीला सरकारने सूट दिली तरी ती वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस, आणि तीही फक्त मध्यरात्रीपर्यंत. यातलं एक अक्षर बैठकीत कोणी वाचलं नाही. वाचलं असतं तर अर्धी समिती उठून गेली असती.

आणि 112 वर फोन केला की काय होतं? गाडी येते, आवाज खाली जातो, गाडी वळणावर दिसेनाशी झाली की पुन्हा धडाम. पण सकाळी नाक्यावरच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक असतं, तक्रार कोणी केली ते! नाव गुप्त ठेवतो म्हणाला होतात ना? मग ते मंडळाच्या पोरांना कोणी सांगितलं? हे विचारलं तर साहेब म्हणाले, “विषयांतर नको.” लगेच फोटोवाल्याला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, बैठक खेळीमेळीत पार पडली.

समिती नको मला. तक्रारदाराचं नाव पोटात ठेवणारा एक हवालदार द्या, आणि भजी तुम्हीच खा.