एचडीआरमधला गुलाबी डाग म्हणजे सेन्सर गेला, हे खरं नाही

आपल्याकडच्या फोटोग्राफर पोरांमध्ये एक गोष्ट लई फिरायलीय, की एचडीआर केल्यावर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक केल्यावर, आभाळात नाहीतर पांढऱ्या भिंतीवर गुलाबी डाग आला म्हणजे सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) खराब, आणि तोवर उपाय काय तर हायलाइटचा (फोटोतल्या उजळ भागाचा) स्लायडर मायनस शंभर करा, जेपेगमध्ये काढा, तीनच्या जागी सात फोटो जोडा. यातलं एकही पटण्यासारखं नाही.

सेन्सरचं आधी, कारण त्यापायी आमच्यातला एक जण कॅमेऱ्याची बॉडी विकायला निघाला होता. वेरूळच्या १० नंबर लेण्यात त्यानं आतून बाहेरच्या खिडकीकडं तोंड करून फोटो घेतले, आत अंधार, बाहेर रणरणतं ऊन, आणि जोडल्यावर खिडकीतलं आभाळ गुलाबी. मी त्याच्या रॉ फाइली (सेन्सरचे कच्चे आकडे) उघडून बघितल्या, तर सगळ्यात काळ्या फोटोतसुद्धा तिथले पिक्सेल भरून गेलेले, म्हणजे आणखी उजेड मोजायला जागाच नाही. आता १४ बिटच्या रॉमध्ये आकडा ० ते १६३८३ एवढाच जातो, लाल हिरवा निळा तिन्ही भरले की तिघांचा आकडा जवळपास सारखा, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं) उन्हात लालला साधारण दोननं गुणतो, निळ्याला दीडनं, हिरवा आहे तिथंच. हिरवा मागं पडला की रंग किरमिजीच होणार, त्यात सेन्सरचा काय दोष? एरवी सॉफ्टवेअर तिन्ही रंग एकाच उंचीवर कापतं म्हणून तिथं पांढरं दिसतं, एचडीआरमध्ये वरचा उजेड खाली ओढला की लपलेला गुलाबी बाहेर येतो.

आणखी एक, याच्याकडं कुणी बघतच नाही. बरेच कॅमेरे १६३८३ च्या आधीच अडतात, समजा १५३०० ला. सॉफ्टवेअरनं १६३८३ धरलं तर ते भरलेले पिक्सेल त्याला चांगलेच वाटतात. म्हणून पेटलेल्या बल्बचा मुद्दाम जळालेला एक फोटो घ्या, रॉमधला सगळ्यात मोठा आकडा बघा, आणि सॉफ्टवेअरमधली व्हाइट लेव्हल (पिक्सेल भरला असं धरायचा आकडा) त्याच्या जराशी खाली ठेवा.

स्लायडरनं डाग जात नाही, उलट गडद होतो. जेपेगमध्ये गुलाबी जातो खरा पण आभाळ पण जातं.

सात फोटोंचं म्हणाल तर सातही भरलेले असले तर उगं कार्ड भरतं. सगळ्यात काळ्या फोटोत हिरवा भरलेला नसला पाहिजे, एवढंच बघायचं. त्यानं परत जाऊन तीनच काढले, दोन-दोन स्टॉपचं अंतर ठेवून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट नाहीतर निम्मा), पण सुरुवात खिडकीच्या उजेडापासून केली. डाग नाही, आणि बाहेरच्या झाडाची पानं पण दिसायलीत.

फक्त मावळतीचा सूर्य असला तर जपून, तिथं लाल आधी भरू शकतो, तिन्ही रंग सारखे कापले तर सूर्याची पांढरी टिकली होते, तिथं हायलाइट रिकन्स्ट्रक्शनच (भरलेल्या रंगाचा अंदाज उरलेल्या रंगांवरून बांधणं) वापरा.